महिन्याचा हिशेब : १४ रात्री गेम, १७ वेळा किल्ला आणि एक तुंबलेला बोका

मांजरपाट | १८ सप्टेंबर २०२५, रात्री ११.२०

दर महिन्याला इथं हिशेब टाकीन असं जूनमध्ये मीच बोलून बसले होते. जुलैचा टाकला नाही, कारण जुलैत साताऱ्यात नुसता पाऊस होता आणि पावसाचा हिशेब लिहायला हवामान खातं आहे. हा १५ ऑगस्ट ते १५ सप्टेंबरचा.

नवीन लोकांसाठी : मी गोडोलीत राहते. दिवसा दोन दुकानांचं टॅली आणि जीएसटी बघते, रात्री साडेनऊला यूट्यूबवर लाइव्ह जाऊन गेम खेळते. लोक बघतात. का बघतात हे मला चार वर्षांत नीट कळलेलं नाही, आईला तर अजिबात नाही. घरात आई, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले बाबा, बंड्या नावाचा केशरी बोका आणि कवडी नावाची तिरंगी भाटी. शिवाय शेजारच्या गल्लीतला एक काळा बोका रोज संध्याकाळी खिडकीत येऊन चौकशी करून जातो. त्याला आम्ही फौजदार म्हणतो.

ठरवलं होतं : २२ रात्री स्ट्रीम, २० वेळा अजिंक्यतारा, चहात साखर बंद. झालं : १४, १७, आणि चहाचं विचारू नका.

आधी सरकारचं सांगते. २० ऑगस्टला लोकसभेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक झालं, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. त्याच दिवशी संध्याकाळी कोरेगावच्या मामाचा फोन. "काय गं, तुझा तो धंदा सरकारनं बंद केला म्हणं?" मी समजावून सांगितलं की बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे, रमी, फँटसी टीम असलं. ई-स्पोर्ट्सला उलट त्याच कायद्यात मान्यता आहे. मी जे खेळते त्यात पैसे लावायचे नसतात, नुसते जातात. मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे तुझं नाही बंद केलं?" आवाजात जरा निराशाच होती.

खरं सांगायचं तर जुलैत असल्याच एका ॲपवाल्यांनी मला विचारलं होतं. दोन व्हिडिओंत त्यांचं नाव घ्यायचं, १५ हजार. मी "बघते" म्हणून सांगितलं होतं आणि महिनाभर बघतच होते. कायदा आला आणि माझा प्रश्न आपोआप मिटला. मी स्वतःहून नाही म्हणाले असते असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

किल्ल्याचं बरं चाललं होतं. पहाटे पावणेसहाला निघायचं, 'चार भिंती' या स्मारकाच्या बाजूनं वर. पहिल्या दिवशी दरवाजापर्यंत ४८ मिनिटं लागली, त्यात तीनदा बसले. एकदा दम लागला म्हणून, दोनदा फोटो काढतेय असं दाखवून. सत्तरीतले एक काका रबरी चप्पल घालून, हातात काठी आणि दुधाची रिकामी किटली घेऊन मला ओलांडून गेले आणि मी वर पोचेपर्यंत मंगळाईचं दर्शन घेऊन उतरायला लागलेसुद्धा. "होतंय होतंय," म्हणाले. रोज एवढंच म्हणायचे. तेराव्या वेळेला ३१ मिनिटं लागली, न थांबता. वर धुकं इतकं की यवतेश्वर नाही, सज्जनगड नाही, टॉवरचं टोकसुद्धा नाही. पण खुर्चीत बसून बसून जी कंबर जूनपासून धरली होती ती सुटली. अंगठ्याच्या मुळाशी कंट्रोलरमुळे दुखतं ते मात्र तसंच आहे. किल्ला अंगठ्यानं चढत नाहीत.

आता ४ सप्टेंबर. ज्यांना गेममधलं कळत नाही त्यांच्यासाठी : 'हॉलो नाइट' नावाचा एक गेम २०१७ मध्ये आला, ऑस्ट्रेलियात ॲडलेडमधल्या मूठभर माणसांनी केलेला. त्याचा पुढचा भाग 'सिल्कसाँग' २०१९ मध्ये जाहीर झाला आणि मग गप्प. साडेसहा वर्षं जगभरचे लोक वाट बघत होते, "आज तरी सिल्कसाँग?" ही थट्टा झाली होती. तो ४ तारखेला आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला आला. गौरी दोन दिवसांपूर्वी गेलेल्या, गणपती जायचे होते, गल्लीत मंडळाच्या स्पीकरवर आरती चालू आणि मी खरेदीचं बटण दाबतेय तर गेमचं ऑनलाइन दुकानच कोसळलेलं. स्टीम, निंटेंडो, सगळीकडे तीच बोंब. अख्ख्या जगानं एकदम बटण दाबलं होतं. मिळेपर्यंत पावणेनऊ वाजले.

गेममधली नायिका किड्यांच्या राज्यातली, हत्यार म्हणजे सुई, आणि जखम भरायला स्वतःचंच रेशीम. अवघड आहे, पण रागावण्यासारखा नाही. म्हणजे मी रागावले, पण चूक माझीच होती हे दर वेळी दिसत होतं. त्या रात्री अडीचपर्यंत खेळले, शुक्रवारी दुकानातून दुपारीच पळाले आणि संध्याकाळी आठला परत लाइव्ह. साडेदहाच्या सुमाराला 'लास्ट जज' नावाच्या राक्षसाशी पोचले. हा मेल्यावरही स्फोट होऊन तुम्हाला घेऊन जातो. शिवाय त्याच्यापासून सगळ्यात जवळचं बाकडं, म्हणजे जिथून मेल्यावर पुन्हा सुरुवात होते ते, इतकं लांब की दर वेळी वाऱ्यात उड्या मारत त्याच्या दारापर्यंत जायचं, मार खायचा, परत बाकडं. एसटी चुकली की परत स्टँडवर, तसं.

माझ्या स्ट्रीमवर कोपऱ्यात दोन चौकोन असतात. वरच्यात माझं तोंड, खालच्यात मांजरं. एक जुना मोबाइल त्यांच्या खोक्यावर रोखून ठेवलेला आहे, त्यात वाळूच्या ट्रेचा एक कोपराही येतो. लोक माझ्या तोंडापेक्षा खालचा चौकोन जास्त बघतात हे मला माहीत आहे. त्या रात्री नववा प्रयत्न चालू असताना चॅटमध्ये एकानं लिहिलं, "ताई, बोका सातव्यांदा ट्रेमध्ये गेला. बसतोय आणि उठतोय. लघवी होतेय का बघा."

मी ते वाचलं. मोठ्यानं वाचलं. आणि म्हणाले, "हो, बघते, हा एक ट्राय झाला की."

तो ट्राय ११ मिनिटं चालला. नंतर रेकॉर्डिंगवर मोजले म्हणून आकडा सांगतेय.

उठून बघितलं तर बंड्या ट्रेच्या बाहेर फरशीवर बसून कण्हत होता, तसा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. वाळू कोरडी. पोटाला हात लावला तर फिस्कारला, मला, ज्यानं आयुष्यात फौजदारालासुद्धा कधी फिस्कारलं नाही. मला वाटलं बद्धकोष्ठ असेल, एरंडेल द्यावं का. चॅटमधल्या त्याच माणसाचं पुढचं वाक्य : "एरंडेल नको, काहीही देऊ नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टर."

पहिल्या डॉक्टरांनी फोन उचलला नाही. दुसरे गुरांचे डॉक्टर, एका गावात अडलेली गाय सोडवून परत येत होते. म्हणाले अर्ध्या तासात दवाखाना उघडतो. भाजीचा क्रेट, त्यावर टॉवेल, टॉवेलवर बाबांचे दोन्ही हात, आणि रिक्षा. देखावे बघायला निघालेल्या गर्दीतून पोवई नाका ओलांडायलाच पंचवीस मिनिटं गेली. रिक्षावाला म्हणाला, "कोंबडी हाय का?" बाबा म्हणाले, "पेशंट आहे." बाबांना मांजरं आवडत नाहीत, हे गेली पाच वर्षं ते स्वतः सगळ्यांना सांगतात.

मूत्राशय लिंबाएवढं हवं ते मोसंब्याएवढं झालेलं, आणि दगडासारखं घट्ट. गुंगीचं इंजेक्शन, बारीक नळी, सलाइन. नळीतून आधी वाळूसारखी कच आली, मग लालसर लघवी. डॉक्टर म्हणाले, लघवी अडली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि मग हृदयच थांबतं. "सकाळपर्यंत थांबला असता तर मी काही बोललो नसतो." दोन रात्री नळी, चार दिवस रोज सलाइन. एकूण खर्च ६,८००. यूट्यूबनं आपला ३० टक्के वाटा काढून घेतल्यावर महिनाभराच्या सुपरचॅटचे, म्हणजे लाइव्ह बघणारे पैसे देऊन संदेश टाकतात त्याचे, मला राहिले ९,१४०. बाकी हिशेब तुम्हीच करा, माझा दिवसाचा धंदा तोच आहे.

मध्यरात्री घरी आले तेव्हा मला एकदम आठवलं की स्ट्रीम बंद केलेलीच नाही. "पाच मिनिटांत परत येते" अशी पाटी, कवडीचा फोटो, आणि ती पाटी तासाभरापासून २१२ लोक बघत बसलेले. खालच्या चौकोनात कवडी रिकाम्या खोक्याजवळ. मी फक्त "जिवंत आहे" एवढं टाइप केलं आणि झोपले, स्ट्रीम परत तशीच ठेवून. ती तीन वाजता लाइट गेली तेव्हा आपोआप बंद पडली.

आता माझा प्रश्न. तो व्हिडिओ चॅनलवर आपोआप चढला आणि मी आजवर केलेल्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी बघितला. पाटी! मला तो काढून टाकावासा वाटतो. बंड्याची दया येऊन नाही. त्यात माझं ते वाक्य आहे म्हणून. ठेवू का काढू?

---

कंदीपेढा | रात्री ११.४१

पहिला! आधी बोका कसा आहे ते सांग, मग बाकीचं वाचतो.

मांजरपाट | रात्री ११.४४

खातोय, झोपतोय, टॉवेलवर रुसलाय. बरा आहे.

घाटमाथा | १९ सप्टेंबर, सकाळी ६.०५

१७ वेळा किल्ला म्हणजे पुष्कळ झालं, कशाला रडतेस. एक सांगतो, चढताना माणूस दमतो पण गुडघे जातात ते उतरताना. मॅरेथॉनच्या सरावाला यवतेश्वरच्या घाटात जाणारे नवखे लोक वर शूरासारखे जातात आणि उतरताना लांब टांगा टाकतात, आठवड्यात गुडघा धरून बसतात. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, आणि पावसात दगडावरच्या शेवाळावर अजिबात घाई नाही.

अंगठ्यासाठी : दर अर्ध्या तासाला कंट्रोलर खाली ठेव. बाकड्यावर बसतेस ना गेममध्ये, तेव्हा खरंखुरं पण बस. डोळ्यांसाठी वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद. खोलीत वीस फूट नसतील तर खिडकीतला फौजदार बघ. आणि पाऊस असेल त्या दिवशी घरात सूर्यनमस्कार. आपल्या जिल्ह्यातल्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांचा केवढा प्रसार केला, आणि आपण मात्र ते सोडून बाकी सगळं करतो. मीही त्यातलाच.

खुरांचा_डॉक्टर | सकाळी ८.३०

मी पशुवैद्य, पण गाई-म्हशींतला, मांजरं आठवड्यातून दोन-चार. तरी चार गोष्टी लिहितो कारण हा धागा उद्या कुणीतरी शोधत येईल.

बोक्याची मूत्रनलिका लांब आणि शेवटाला अगदी बारीक असते, भाटीची आखूड आणि रुंद. म्हणून तुंबतो तो बहुतेक वेळा बोका. बारीक खडे, चिकट द्रव आणि सुजेमुळे आलेलं आकुंचन, यातलं काहीही बूच मारू शकतं. पाणी कमी पिणं, फक्त कोरडं खाणं, वजन जास्त, घरातला ताण, हे सगळं हातभार लावतं. गणपतीतले स्पीकर, परकी माणसं, खिडकीत येणारा दुसरा बोका, हा सगळा मांजराच्या लेखी ताणच. तुमच्या फौजदाराला खिडकीतून बढती देऊन दुसरीकडे पाठवा.

लक्षण : परत परत ट्रेमध्ये जाणं, बसून राहणं, ओरडणं, मागचा भाग सारखा चाटणं, आणि वाळू कोरडी. लोक हमखास बद्धकोष्ठ समजतात, तुम्हीही समजलात. पोट दाबून बघू नका, फुटू शकतं. वाट बघू नका, एक-दोन दिवसांत जीव जातो. आणि दुखतंय म्हणून माणसाची गोळी देऊ नका. पॅरासिटॅमॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा. कुत्र्याचं पिसवांचं औषधही नाही, त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजर झटके येऊन मरतं.

पुन्हा होऊ शकतं, पहिले काही आठवडे जास्तच. वारंवार झालं तर शस्त्रक्रिया असते. तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे, खंबाटकीचा बोगदा ओलांडला की आलंच. रात्री अकरा वाजता मात्र जो दार उघडेल तो देव.

तळ्यात_मळ्यात | सकाळी ९.१२

डॉक्टर, केशरी मांजर म्हणजे बोकाच असतो हे खरं का? आमच्याकडे आजी म्हणायची.

खुरांचा_डॉक्टर | सकाळी ९.५०

आजी बरीचशी बरोबर. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बोक्याकडे एक्स एकच, तो केशरी निघाला की काम झालं. भाटीला दोन्ही लागतात. म्हणून केशरी मांजरांत बोके पुष्कळ जास्त, पण केशरी भाटी असतात. आणि कवडीसारखी तिरंगी जवळपास नेहमी भाटीच. ते जनुक नेमकं कोणतं हे यंदाच जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी शोधून काढलं.

अडगळीची_खोली | सकाळी १०.३३

सगळे गोड बोलतायत म्हणून मी कडू बोलतो. मांजरांच्या खोक्यावर कॅमेरा लावायचा, त्यावर प्रेक्षक जमवायचे, मग मांजर आजारी पडलं की त्याचाही व्हिडिओ, त्याचेही पैसे, आणि वर "ठेवू का काढू" म्हणून इथं धागा, म्हणजे आणखी लोक जाऊन बघणार. मी पण आत्ता जाऊन बघितला. मग वेगळं काय झालं? ॲपवाल्यांचे १५ हजार नाही मिळाले, ते असे मिळाले.

कंदीपेढा | सकाळी १०.४०

अरे बाबा, सकाळी सकाळी काय खाल्लंस?

मांजरपाट | दुपारी १.२०

@अडगळीची_खोली, दुकानात बसून लिहितेय, तुटक होईल. कडू आहे पण खोटं नाही. कॅमेरा लावला तेव्हा कारण एकच होतं, मांजरं दिसली की लोक थांबतात. पहिली दोन वर्षं चाळीस-पन्नास लोक असायचे, खालचा चौकोन आला आणि दोनशे झाले. हे मी कुणापासून लपवलेलं नाही. दवाखान्यात मात्र फोन खिशातून काढला नाही. चॅटवरचे लोक लिंक मागत होते, पैसे गोळा करतो म्हणत होते, ते घेतले नाहीत. थोर आहे म्हणून नाही, ६,८०० माझ्याकडे होते म्हणून. ३० हजार असते तर कदाचित घेतले असते.

पण तुझं बरोबर एका ठिकाणी लागलं. त्या व्हिडिओवरच्या जाहिराती आत्ता बंद केल्या. आधीच करायला हव्या होत्या.

जुना_बुरूज | दुपारी २.०५

मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण तो मेल्यावर स्फोट होणारा राक्षस वाचून अजिंक्यताराच आठवला. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेनं किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग लावले. प्रयागजी प्रभू किल्लेदार. एक सुरुंग उडाला आणि तट आतल्या बाजूला न पडता बाहेर, हल्ल्याला टपून बसलेल्या मोगलांच्याच अंगावर कोसळला. शेकडो माणसं गाडली गेली. किल्ला मग शेवटी पडला, नावही आझमतारा केलं, पण ते नाव आज कोण घेतं? तू ज्या वाटेनं पहाटे दम खात चढतेस तिथं महिनोन्‌महिने लोक लढले आहेत. काकांना किटली का लागते ते एकदा विचार.

तर, जज पडला का?

सांगलीची_हळद | दुपारी ३.१५

साताऱ्याचे लोक कुठल्याही धाग्यात तिसऱ्या प्रतिसादाला किल्ला काढतात. इथं तर धाग्यातच आहे, त्यामुळं माफ.

माझा प्रश्न साधा. माझ्याकडे ऑफिसचा जुना लॅपटॉप आहे, ग्राफिक कार्ड नाही, आणि मला मारामारी जमत नाही. मांजर असलेला गेम सांग.

मांजरपाट | दुपारी ३.४०

'स्टारड्यू व्हॅली'. शेती, मासेमारी, गावात गप्पा. कुठल्याही लॅपटॉपवर पळतो, एकाच माणसानं बनवलाय, मांजर पाळता येतं आणि ते कधी आजारी पडत नाही. 'स्ट्रे' मध्ये तर तूच मांजर असतेस, पण त्याला बरा लॅपटॉप लागेल. आणि आपलं काही हवं असेल तर पुण्यात झालेला 'राजी', त्यात मात्र मारामारी आहे. ते काम मी करून दाखवीन, तू बघ.

रात्रपाळी | १९ सप्टेंबर, रात्री १०.५०

मी इथं आजच खातं काढलं. चॅटमध्ये ते मी लिहिलं होतं.

मी कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळीला असतो, मशिन चालू असलं की एक कान मशिनकडे आणि मोबाइल समोर. गेम मला कळत नाही, राजीव गांधींच्या काळात मारिओ खेळलो तेवढाच. मांजरं बघायला लावतो. आमच्याकडे साहेब नावाचा बोका होता, पांढरा, कान काळे. २०२२ च्या उन्हाळ्यात तो असाच ट्रेमध्ये बसायचा. आमच्याकडे ट्रे नव्हता, परसात राखेचा ढीग होता, त्यात बसायचा. मला वाटलं उष्णता झाली. पत्नीनं सब्जा भिजवून पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी शांत झाला तर आम्हाला वाटलं उतार पडला. तो शांत वेगळ्या कारणानं झाला होता. डॉक्टरांना नंतर विचारलं तेव्हा कळलं.

म्हणून तुमच्याकडं कोपऱ्यात दिसलं तेव्हा मोजायला लागलो. पाचव्याला लिहिणार होतो, पण बाई खेळण्यात आहे, कुठं मध्ये बोलावं म्हणून सातव्यापर्यंत थांबलो. तेव्हा ११ मिनिटं तुमची आणि ८-१० मिनिटं माझी.

व्हिडिओचं तुम्ही बघा. मी परत बघणार नाही.

घाटमाथा | रात्री ११.०२

_/\_

कंदीपेढा | रात्री ११.०४

दादा, दंडवत.

अडगळीची_खोली | रात्री ११.३०

मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, कॅमेऱ्याबद्दल माझं मत तेच आहे. पण हे वाचून हेही दिसतं की कॅमेरा नसता तर ती सात वेळा कुणी मोजली नसती. दोन्ही एकदम खरं कसं असतं कुणास ठाऊक. मी झोपतो.

मांजरपाट | २० सप्टेंबर, सकाळी ७.१५

@रात्रपाळी दादा, काल तुमचं वाचून पंधरा मिनिटं काही टाइप करता आलं नाही. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सांगलीला गेलो की भेटून येऊ. पत्ता घे." तेव्हा व्यक्तिगत निरोप करते. नाही म्हणू नका, ते तिकीट काढूनच बसतील. त्यांना पास आहे.

व्हिडिओ ठेवतेय, जाहिरातींशिवाय. वर्णनात फक्त खुरांचा_डॉक्टरांनी लिहिलेली लक्षणं टाकली, त्यांची हरकत नसेल तर. खालचा चौकोनही राहील, पण आता ट्रे पूर्ण दिसेल असा लावलाय. बघायला छान नाही. असू दे.

आज अठरावी चढाई झाली, महिना संपला तरी. काकांना किटलीचं विचारलं. म्हणाले वर देवळात रोज थोडं दूध ठेवतात. कुणासाठी विचारलं तर बोटानं दाखवलं, पायरीवर तीन मांजरं.

खुरांचा_डॉक्टर | सकाळी ८.००

हरकत कसली. फक्त काकांना सांगा, मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, बहुतेकांना जुलाब होतात. पाणी ठेवा म्हणावं. ऐकणार नाहीत, तरी सांगा. आणि बंड्याची लघवी रोज होते की नाही, किती होते, यावर नजर ठेवा.

मांजरपाट | सकाळी ८.२५

डॉक्टर, ती नजर आता माझ्या हातात राहिलेली नाही. बेंटोनाइटची वाळू आणली, ती ओली झाली की गोळा धरते. बाबा रोज सकाळ-संध्याकाळ गोळे मोजतात आणि एसटीतल्या वेबिलसारख्या रकाने आखलेल्या वहीत लिहितात. पाण्याच्या चार वाट्या चार ठिकाणी ठेवल्यात, त्यांना थांबे म्हणतात. सुका जवळा ते चोरून घालत होते हे परवा कबूल झालं, तो बंद. कवडीचे गोळे आणि बंड्याचे गोळे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दोन ट्रे केलेत, पण दोघंही दोन्ही वापरतात, त्यावरून बाबांची चिडचिड चालू आहे. "विनातिकीट" म्हणतात.

आजची नोंद जशीच्या तशी : "२० सप्टें. सकाळ फेरी. गोळे ३. मोठे २, लहान १. रंग ठीक. बोका सीटवर."

@जुना_बुरूज, नाही, जज अजून उभा आहे. तेविसावा प्रयत्न आज रात्री साडेनऊला.

जुना_बुरूज | सकाळी ८.४०

येतो. मला लाइव्ह कुठं दाबायचं ते नातवाला विचारून ठेवतो.